गोकुळचा डाक

मित्रांनो, टाकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची काळी, ढेरपोटी पाण्याची टाकी येते. मी ती नव्हे. मी डिझेलची टाकी आहे. दहा लिटरची, पत्र्याची, चाळिशीला टेकलेली. नंदुरबारजवळच्या कोरीट गावात फुलवंताबाईची पिठाची गिरणी आहे. तिथल्या जुन्या इंजिनाच्या वर, लोखंडी घोडीवर माझी जागा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी माणसांना एकेरीतच हाक मारते. ज्यांचे हात रोज अंगावरून फिरले, त्यांना अहोजाहो करणं मला जमत नाही.

माझा जन्म शहाद्याचा. एसटी स्टँडामागच्या गल्लीत चुनीलाल नावाचा कारागीर पत्र्याच्या पेट्या, बादल्या, धान्याच्या कोठ्या बनवायचा. फुलवंताबाईचा नवरा गोकुळ यानं गिरणीसाठी जुनं इंजिन विकत घेतलं होतं. त्याला सगळं होतं, फक्त टाकी नव्हती. म्हणून तो चुनीलालकडे आला. चुनीलालनं जस्ती पत्रा कापला, वाकवला, सांधे दुमडून ठोकले, खाली तोटी बसवली आणि वर झाकण. मग माझ्यात काठोकाठ पाणी भरलं, मला वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलं आणि तो जेवायला घरी निघून गेला. परत आल्यावर त्यानं आधी मला पाहिलंच नाही. मला बाजूला सारून कागद उचलला आणि उजेडात धरला. कागद कोरडा होता. 'ने,' एवढंच तो गोकुळला म्हणाला. तेवढं कौतुक मला पुढं कितीतरी वर्षं पुरलं.

जाता जाता चुनीलालनं गोकुळला एक गोष्ट बजावली. कधी काळी टाकी गळायला लागली आणि तिच्यावर काही करायची वेळ आली, तर पह्यले पानी, मंग इस्तो. म्हणजे आधी पाणी भरायचं आणि मगच विस्तव जवळ आणायचा. डिझेल काढून टाकलं तरी त्याची वाफ टाकीच्या पोटात बसून राहते आणि ती वाफ विस्तवाची वाटच पाहत असते. गोकुळनं मान हलवली. तरुण माणसं मान हलवतात तशीच हलवली. पण हे वाक्य त्याच्या लक्षात राहिलं आणि घरी गेल्यावर त्यानं ते बायकोलाही सांगितलं.

काय दिवस होते ते! कोरीटमध्ये तेव्हा लाइट असून नसल्यासारखी. सकाळी सहाला गोकुळ नरसाळ्यावर फडकं धरून माझ्यात डिझेल गाळायचा, हँडल फिरवायचा, आणि इंजिन पहिला ठोका द्यायचं. त्या ठोक्यावर गावातल्या बाया डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. गहू, बाजरी, दादर ज्वारी, उडीद घालून केलेलं कळण्याचं दळण, सगळं यायचं. फुलवंता तेव्हा नुकतीच खांडबाऱ्याहून लग्न होऊन आलेली. ती जात्याच्या तोंडाशी डबा लावून बसायची आणि पीठ चिमटीत घेऊन बारीक पडतंय की जाड ते बघायची. तिच्या भुवयांवर पीठ असायचं आणि गोकुळ तिला म्हातारी म्हणून चिडवायचा. आज ती खरंच म्हातारी झाली आहे आणि तसं चिडवणारा माणूस नाही. मला त्या सकाळी अजून आठवतात. फार आठवतात.

वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस श्रावणात यायचा. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतर कानबाई देवी बसते आणि तिच्या नैवेद्याचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. त्या गव्हाचं पीठ साध्या दळणात मिसळत नाहीत. त्या दिवशी गिरणी आधी धुऊन पुसून घ्यायची आणि मग त्यात फक्त रोटांचंच दळायचं. शहरातल्या गिरणीत मिरची, बेसन, सगळंच पडतं, तिथं तुमच्यासाठी कोण धुऊन देणार? म्हणून भाऊबंद कुठंही राहत असले तरी रोटांचं दळण आमच्याच गिरणीवर यायचं. त्या दिवशी गोकुळ मलाही पुसायचा आणि हळदीकुंकवाची दोन बोटं लावायचा. डिझेलच्या टाकीला याहून काय हवं?

पण त्याच दिवशी माझ्या हातून एकदा चूक घडली. म्हणजे पोटातून घडली.

उमाकांत, त्यांचा मुलगा, तेव्हा झोळीत होता. रोटांच्या चार दिवस आधी माझ्या तळाशी, तोटीजवळ, सुईएवढं भोक पडलं. गोकुळला घाई होती. त्यानं अंगाच्या साबणाची वडी ओली करून भोकावर घासली. तुम्ही हसू नका, गावोगाव लोक हेच करतात आणि साबण दोन-चार दिवस धरतोही. पण रोटांच्या दिवशी इंजिन पहाटेपासून थरथरत होतं. दहाच्या सुमारास साबणाची खपली सुटली. थेंब जातं फिरवणाऱ्या पट्ट्यावर पडू लागले आणि फिरत्या पट्ट्यानं ते पिठाच्या डब्यात उडवले. त्या वेळी डब्यात सिंधुबाईच्या घरचं पीठ पडत होतं.

सिंधुबाई ही शेजारच्या गल्लीतली, शब्दाला कडक पण मनानं सरळ. तिनं घरी जाऊन पीठ परातीत काढलं, तर त्याला डिझेलचा वास. असलं पीठ देवीपुढं कसं ठेवायचं? तिच्या सासऱ्यानं, नवऱ्यानं आणि दिरांनी पुन्हा सव्वा सव्वा मूठ गहू मोजले आणि त्या बाईनं ते माळ्यावरच्या जुन्या जात्यावर हातानं दळले. ती गिरणीवर भांडायला आली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढं वर्षभर ती आमच्या दारावरून डबा घेऊन सरळ पुढं जायची आणि गोकुळ खाली मान घालून उभा राहायचा. गोकुळइतकीच लाज मलाही वाटायची.

त्याच दुपारी गोकुळनं गिरणीचं दार लावून घेतलं. मला घोडीवरून काढलं आणि घरामागच्या अंगणात नेलं. कथील वितळवून पत्र्याचं भोक बुजवतात, त्याला डाक देणं म्हणतात. अंगणात फक्त नवरा-बायको दोघं होती आणि झोळीत उमाकांत. तासाभरानं मी घोडीवर परत आले ती पक्की होऊन. रुपयाएवढा चकचकीत, गोल, काठाला कुठंही न उचललेला डाक माझ्या तळावर बसला होता. पुढच्या श्रावणात सिंधुबाई आली. पीठ नाकाशी धरून तिनं वास घेतला आणि डबा उचलला. मग ती नेहमीच येऊ लागली. मात्र आधी वास घ्यायची ही सवय तिला जी लागली ती लागलीच. गावात डाकाचं कौतुक झालं. कुणाची घागर गळली, कुणाचा फवारणीचा पंप गळला की लोक म्हणायचे, डाक असावा तर गोकुळच्या डाकासारखा. त्या तासाभरात अंगणात नेमकं काय झालं, ते मला ठाऊक होतं. पण टाकीला कोण विचारतं?

पुढं लाइट नीट येऊ लागली. गिरणीला मोटर बसली. बटण दाबलं की जातं फिरायचं, ना फडकं, ना नरसाळं, ना हँडल. इंजिन फक्त लाइट गेल्यावर आठवायचं. आठ वर्षांपूर्वी गोकुळ गेला आणि मग तेवढंही कुणी आठवेना. माझ्यावर आधी एक रिकामं पोतं पडलं, मग दुसरं, मग मोडका पंखा. पोटात ओंजळभर डिझेल राहिलं होतं, त्याच्या खाली पाणी साचलं आणि त्या पाण्यानं मला आतून गंजवायला सुरुवात केली. फुलवंताबाई दसऱ्याला पोतं बाजूला करून मला कुंकू लावायची आणि पोतं पुन्हा नीट घालायची. मी तक्रार करत नाही. एकटी बाई मोटर सांभाळेल, गिरणी सांभाळेल की मला?

आता या वर्षाची गोष्ट. रविवारी कानबाई बसणार आणि त्याआधीच्या गुरुवारी गावाला वीज देणारी डीपी जळाली. वायरमन येऊन पाहून गेला. नवी डीपी मंगळवारआधी येणार नाही म्हणाला. घरोघरी ज्यांनी छोट्या घरघंट्या घेतल्या होत्या, त्याही मुक्या झाल्या. संध्याकाळपर्यंत पाच-सहा बाया गिरणीच्या ओट्यावर येऊन बसल्या. रोटांचं काय करायचं, हाच एक प्रश्न. त्यांत सिंधुबाईही होती. फुलवंताबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, शनिवारी सकाळी गहू घेऊन या, मी इंजिनावर दळून देते.

शब्द देऊन बसली खरी. पण आता तो पाळला गेला नाही, किंवा पाळताना पुन्हा एखादा थेंब पिठात उडाला, तर गोकुळनं वर्षभर खाली घातलेली मान तिला या वयात घालावी लागणार होती. आत येऊन तिनं पोती बाजूला केली आणि माझ्यावर हात ठेवला.

उमाकांत रोटांसाठी सुरतेहून आला होता. तिकडे तो कापडाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. हात हुशार आहे त्याचा, बापावर गेला आहे. पण घाई फार. खरं तर यंदा तो मला आणि इंजिनाला भंगारात घालायचं ठरवूनच आला होता आणि भंगारवाल्याशी बोलूनही झालं होतं. रोट होऊ दे, मग काय करायचं ते कर, असं आई म्हणाली म्हणून तो थांबला. शुक्रवारी सकाळी त्यानं बाह्या सरसावल्या. ऑइल बदललं, माझ्यात ताजं डिझेल भरलं, गंज घासला, पट्टा ताणला आणि आठ वर्षं झोपलेलं इंजिन तिसऱ्या हँडलला ठोके देऊ लागलं. माझा पत्रा आनंदानं थरथरला. आणि त्या थरथरीनंच माझं बिंग फुटलं. जुन्या डाकापासून दोन बोटांवर गंजलेला पत्रा उघडा पडला आणि डिझेलचे थेंब टपटप खाली पडू लागले.

त्यानं दोन नळ्यांतला लेप मळून लावला. पण माझा पत्रा तेलकट, लेप काही धरेना. दुपारी एकला त्याच्या कडेनं पुन्हा थेंब आला. उमाकांत वैतागला. लाइट नाही म्हणजे वेल्डिंग नाही. मग त्यानं गावातून गॅसचा छोटा सिलिंडर आणि त्याला लावायची ज्योतीची नळी आणली. माझ्यातलं डिझेल डब्यात ओतून घेतलं, तोटी बंद केली, झाकण घट्ट लावलं आणि मला मागच्या अंगणात दगडावर पालथी ठेवली.

मित्रांनो, त्या घटकेला मला पहिल्यांदा तोंड नसल्याचं वाईट वाटलं. त्याला वाटत होतं मी रिकामी आहे. मी रिकामी नव्हते. माझ्या पोटात डिझेलची वाफ होती, तिला बाहेर पडायला त्या भोकाशिवाय वाट नव्हती आणि समोर तिशी उलटलेला, गोकुळचा एकुलता एक मुलगा ज्योत पेटवत होता.

फुलवंताबाई आत जात्याचे दगड धूत होती. ज्योतीचा फुसफुस आवाज तिनं ऐकला. हात न पुसताच ती मागच्या दारातून बाहेर आली. ओरडली नाही, धावली नाही. सरळ चालत आली आणि तिनं आपला ओला पंजा माझ्या भोकावर ठेवला.

"हात काढ माय," उमाकांत म्हणाला. "रिकामी शे ती. सगळं डिझेल काढी टाकं मी."

"पह्यले पानी, मंग इस्तो."

"रिकामी शे ना पन."

"रिकामी नही शे," ती म्हणाली. "झाकन खोल. वास ली देख."

त्यानं ज्योत बंद केली, ती आईची समजूत घालण्यापुरती. मला उलटून झाकण काढलं आणि तोंडाशी नाक नेलं. वाफेचा भपकारा त्याच्या डोळ्यांत गेला. तो मागे सरकला आणि खाली बसला. सुरतेत त्यांच्या कारखान्यामागे असाच एक रिकामा ड्रम कुणीतरी कापायला घेतला होता आणि तो फुटला होता. ते त्यानं पाहिलं होतं, पण घरी कधी सांगितलं नव्हतं. नुसते हात गुडघ्यांवर ठेवून बसला. हात थरथरत होते.

फुलवंताबाईनं चुलीवर पाणी तापवलं. त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि तीन वेळा माझं पोट खळखळून धुतलं. दर वेळी त्याला वास घ्यायला लावला. तिसऱ्या वेळी वास राहिला नाही. मग तिनं झाकण घट्ट लावलं, मला पालथी केली, तोटी काढून त्या भोकातून आत पाणी भरलं. नव्या छिद्राखाली फक्त दोन बोटं जागा सोडली आणि तोटीचं भोक वाफेसाठी उघडंच ठेवलं. नंतर ती घरात गेली आणि धान्याच्या कोठीमागून एक डबा घेऊन आली. डब्यात तांब्याच्या टोकाचा लोखंडी दांडा होता, कथलाचा तुकडा आणि नवसागराचा खडा. गोकुळ गेल्यावर त्याचे कपडे तिनं वाटून टाकले होते, पण हा डबा कुणाला दिला नव्हता.

कोळशात दांडा तापला. उमाकांतनं तो हातात घेतला, पण थरथर थांबलेली नव्हती. कथलाचा थेंब पत्र्यावर पडला आणि घरंगळून मातीत गेला. दुसराही गेला.

"आन तो दांडा," फुलवंताबाई म्हणाली. "तू टाकी धर."

त्यानं मला दोन्ही बाजूंनी धरलं. तिनं पत्रा घासून पांढरा केला. दांड्याचं टोक नवसागरावर फिरवलं, कथील उचललं आणि छिद्राभोवती एकाच दमात गोल फिरवलं. हात जरासुद्धा हलला नाही. खांडबाऱ्याच्या तिच्या माहेरी कल्हईवाला त्यांच्याच ओट्यासमोर भट्टी लावायचा आणि लहानपणी ती दिवसदिवस तिथं बसून राहायची. कथील कधी चमकतं, कधी उचलायचं, हे तिला तेव्हापासून ठाऊक. निवल्यावर माझ्या तळावर दुसरा रुपया उमटला. पहिल्याच्या शेजारी, त्याच मापाचा, तसाच काठ न उचललेला.

उमाकांत एकदा नव्याकडे बघायचा, एकदा जुन्याकडे. दोन्हींवरून त्यानं अंगठा फिरवला.

"हाऊ जुना डाक बाबाना शे ना?" त्यानं विचारलं.

"नही," ती म्हणाली. "मन्हा शे."

होय मित्रांनो, हेच मला इतकी वर्षं ठाऊक होतं. त्या दुपारी लाजेनं आणि पहाटेपासूनच्या उपाशीपणानं गोकुळचे हात असेच थरथरत होते. पाणी भरायची आठवण त्यानं ठेवली, मला घट्ट धरून तो बसला. डाक मात्र फुलवंतानं दिला.

"मंग कोनले सांगं का नही?" उमाकांतनं विचारलं.

ती कोळशावर पाणी शिंपडत होती. "तुन्हा बाप सांगे," ती म्हणाली. "लोके हसेत."

खरं आहे ते. गोकुळ ओट्यावर बसून सांगायचा, अरे, डाक माझा नाही, हिचा आहे. लोकांना वाटायचं, बायकोची मस्करी करतोय. चार वेळा सांगून झाल्यावर त्यानं सांगणं सोडलं. ते त्यानं सोडायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

त्या संध्याकाळी उमाकांतनं माझ्यात पाणी भरून मला वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जेवण झाल्यावर त्यानं कागद उचलून पाहिला. कोरडा होता. मग पाणी काढून मला चुलीजवळ सुकायला ठेवलं. शनिवारी सकाळी सहाला फडकं आलं, नरसाळं आलं, डिझेल आलं आणि हळदीकुंकवाची दोन बोटंही आली. इंजिनानं ठोका दिला. गल्लीगल्लीतून बाया डबे घेऊन निघाल्या. क्षणभर मला वाटलं, मधली वर्षं गेलीच नाहीत. मग फुलवंताबाईच्या भुवयांवर पीठ दिसलं आणि तिला चिडवायला कुणी नाही, हे लक्षात आलं.

दुपारपर्यंत सगळ्या घरांचं रोटांचं दळण झालं. माझ्या पोटातून एकही थेंब सुटला नाही. सिंधुबाई शेवटी आली. पाठीत वाकली आहे आता. तिनं सवयीप्रमाणे पिठाची मूठ नाकाशी नेली, वास घेतला आणि समाधानानं मान हलवली.

"गोकुळना डाक अजून पक्का शे," ती म्हणाली.

फुलवंताबाई पट्टा उतरवत राहिली. उमाकांत मात्र पुढं आला.

"काकू, तो डाक मन्ही मायना शे," तो म्हणाला. "जुना बी आनि नवा बी."

या वेळी कुणी हसलं नाही. सिंधुबाईनं डबा पुन्हा खाली ठेवला. फुलवंताबाईचा उजवा हात ओढून हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि आपल्या कपाळाला लावला. पिठाचा हात होता तो. सिंधुबाईच्या कपाळावर पांढरा ठसा उमटला आणि तो न पुसताच ती घरी गेली.

भंगारवाला बुधवारी आला होता. उमाकांतनं त्याला पुढं पाहू म्हणून सांगितलं. माझ्यासारखीला तेवढं पुष्कळ झालं. सुरतेला जायच्या आधी त्यानं माझ्यातलं उरलेलं डिझेल काढून टाकलं, आतून पुसलं आणि पोत्याऐवजी माझ्यावर स्वच्छ फडकं घातलं. आईकडून डाक द्यायलाही शिकू लागला. पहिले दोन त्यानं फुटक्या बादलीवर दिले. ते अगदीच वाकडे आहेत.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या म्हातारीच्या दोन गोष्टी ऐका. जी वस्तू रिकामी दिसते, तिच्याजवळ विस्तव नेण्याआधी तिच्यात पाणी भरा आणि घरातल्या जाणत्या माणसाला हाक मारा. आणि घरात एखादी जुनी, पक्की डागडुजी केलेली वस्तू असेल, तर ती कुणी दुरुस्त केली ते विचारा. पहिल्या उत्तरावर थांबू नका.